'इट हॅज बीन डिसायडेड' : पण ठरवलं कुणी?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



इंग्रजीच्या वर्गाबद्दल बोल, असं मला सांगितलं गेलं तेव्हा मी जरा बिचकलेच. आपल्यातल्याच काही जणींचा या वर्गाला विरोध होता आणि अजूनही थोडा आहे, हे मला ठाऊक आहे. 'आपण काय स्पोकन इंग्लिशचे क्लास काढायला जमलोय का?' असं एका बैठकीत मला तोंडावर विचारलं होतं. प्रश्न चुकीचा नव्हता. म्हणून हा वर्ग मुळात सुरू का झाला, ते आधी सांगते.

आमच्या सल्ला केंद्रात एक बाई आली. पिंपरीच्या बाजूला एका लहान कारखान्यात सात वर्षं पॅकिंगला होती. बारावी झालेली. दिवस गेले होते, पाचवा महिना होता, म्हणून बाळंतपणाच्या रजेचं विचारायला ती ऑफिसात गेली. तिथल्या साहेबांनी टाइप केलेला एक कागद पुढे केला. म्हणाले, रजेचा अर्ज आहे, सही करा. हिने सही केली. तिसऱ्या दिवशी वॉचमनने गेटवरच अडवलं. तो कागद राजीनाम्याचा होता. 'आय हिअरबाय टेंडर माय रेझिग्नेशन', एवढी एकच ओळ आणि खाली हिची सही.

बाळंतपणाच्या रजेवर असलेल्या बाईला त्या कारणाने कामावरून काढता येत नाही, हे कायदा १९६१ पासून सांगतो. २०१७ साली ही पगारी रजा पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची झाली. मालकांना हे आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं. म्हणूनच तर काढत नाहीत, राजीनामा लिहून घेतात.

मी तिला विचारलं, अगं, सही करण्याआधी वाचलं नाहीस? ती म्हणाली, "ताई, वाचलं ना. मला इंग्रजी वाचता येतं. सगळी अक्षरं वाचली. पण टेंडर म्हणजे रस्त्याच्या कामाचं निघतं ते, एवढंच माहीत होतं. दुसरा शब्द रजेचाच असणार असं वाटलं."

ते प्रकरण आम्ही लढवलं. तडजोडीत थोडे पैसे मिळाले, नोकरी गेली ती गेलीच. पण तिचं ते 'मला वाचता येतं' माझ्या डोक्यातून जाईना. आपण साक्षरतेचे वर्ग घेतले, कायदा साक्षरतेची शिबिरं घेतली. आणि ही शिकलेली बाई वाचता येत असूनही फसली.

मग रविवारी दुपारी वर्ग सुरू केला. पहिल्या वेळी मी स्वतःच चूक केली, तीही सांगते. अप्पा बळवंत चौकात जाऊन 'बिझनेस इंग्लिश'ची तीनचार पुस्तकं आणली आणि त्यातले धडे जसेच्या तसे घेतले. स्वतःची ओळख करून देणं, विमानतळावरचं संभाषण, कॉन्फरन्सला आलेल्या पाहुण्यांचं स्वागत. 'मे आय हेल्प यू?' 'सॉरी फॉर द इन्कन्व्हीनियन्स.' माझ्यासमोर बसलेल्या बायका कोण? दवाखान्यात रिसेप्शनला बसणारी, टेलिकॉलिंग करणारी, दुकानात काउंटरवर उभी राहणारी, कारखान्यात सुपरवायझरच्या हाताखाली काम करणारी. त्यांच्यातल्या एकीने दोन आठवडे मुकाट्याने धडे गिरवले आणि मग पुस्तक चाळत विचारलं, "यात 'नाही' कसं म्हणायचं ते कुठल्या पानावर आहे?"

मी पुस्तक उलटसुलट पाहिलं. ते पान नव्हतं. कामाच्या ठिकाणी बाईने हसतमुख कसं राहावं, माफी कशी मागावी, साहेबांना चहा कसा विचारावा, हे सगळं त्यात होतं. ओव्हरटाइमचे पैसे कसे मागावे हे नव्हतं. 'मला हे लेखी द्या' हे वाक्यसुद्धा नव्हतं.

त्या दिवशी पुस्तकं कपाटात गेली. पुढच्या रविवारी सगळ्यांना आपापली नेमणुकीची पत्रं आणि पगाराच्या पावत्या आणायला सांगितल्या. निम्म्या जणींकडे नेमणुकीचं पत्रच नव्हतं, हा पहिला धडा. ज्यांच्याकडे होतं ती आम्ही ओळीओळीने वाचली. आमची शब्दसंपत्ती त्यातूनच आली : प्रोबेशन, कन्फर्मेशन, नोटीस पिरियड, डिडक्शन, ग्रॉस, नेट. 'शल' आणि 'मे' या दोन इवल्या शब्दांवर आमची एक अख्खी दुपार गेली. 'द कंपनी मे पे' म्हणजे कंपनी देईल, असं सगळ्या जणी समजून होत्या. 'मे' म्हणजे देईल किंवा न देईल, मर्जी तिची. आणि 'द एम्प्लॉयी शल' म्हणजे तुला करावंच लागेल. मग पत्रातले 'मे' निळ्या पेन्सिलीने आणि 'शल' लाल पेन्सिलीने अधोरेखित करायला सांगितलं. लाल खुणा बहुतेक सगळ्या बाईच्या बाजूला आणि निळ्या कंपनीच्या बाजूला. यावर मला काही समजावून सांगावं लागलं नाही.

आता व्याकरण. व्याकरण म्हटलं की तुमच्या कपाळाला आठ्या पडतात, मला दिसतंय! पण कर्तरी आणि कर्मणी प्रयोग आठवतो ना? शाळेत मार्कांसाठी घोकलेला. ऑफिसच्या इंग्रजीत कर्मणी प्रयोगाचं राज्य असतं. 'इट हॅज बीन डिसायडेड.' 'युवर सर्व्हिसेस आर नो लाँगर रिक्वायर्ड.' 'यू आर हिअरबाय इन्फॉर्म्ड.' ठरवण्यात आलं आहे. पण ठरवलं कुणी? गरज नाही, ती कुणाला? वाक्यातून कर्ता गायब. आपल्या सरकारी मराठीतही हेच असतं की, 'आपणांस कळविण्यात येते'. तेव्हा खोट इंग्रजीची नाही. ज्याच्या हातात सत्ता असते त्याला कर्ता लपवायला आवडतो, मग भाषा कुठलीही असो.

आम्ही याचा खेळ केला. एकीने पत्रातलं वाक्य मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी एकसुरात विचारायचं, 'बाय हूम?' आणि मग वाक्य उलटून लिहायचं : 'द मॅनेजर डिसायडेड.' माणूस पुन्हा वाक्यात येऊन उभा राहतो. यातून एक गोष्ट मला नव्याने कळली. लैंगिक छळाच्या तक्रारी लिहिताना बायकाही कर्मणीतच लिहितात. 'आय वॉज टच्ड.' 'आय वॉज कॉल्ड टु द केबिन.' मराठीत लिहितानाही 'माझ्याशी गैरवर्तन झाले'. झाले म्हणजे काय, पाऊस पडला तसं? कुणी केलं, कधी, कुठे, काय शब्द वापरले, कोण हजर होतं? लाजेपोटी आणि भीतीपोटी आपणच त्याचं नाव वाक्याबाहेर ठेवतो. चौकशीत हाच कागद समोर ठेवला जातो. 'ही टच्ड मी' एवढे तीन शब्द लिहायला एका मैत्रिणीला पाऊण तास लागला. इंग्रजी येत नव्हतं म्हणून नव्हे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असायला हवी. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करायची असते, सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. जिला लिहिता येत नाही तिला लिहायला मदत करणं हे समितीचं काम आहे. तक्रार इंग्रजीतच हवी असं या कायद्यात कुठेही म्हटलेलं नाही. तेव्हा कुणी 'इंग्लिशमध्ये आणा' म्हणून परत पाठवत असेल, तर ती पळवाट समजा. मराठीत लिहा, खणखणीत लिहा. इंग्रजी लागतं ते नंतर, समोरून उत्तर येतं तेव्हा.

काळाचाही असाच घोळ. 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स सेव्हन इयर्स.' मराठीत मी सात वर्षांपासून काम करतेय, म्हणून तेच इंग्रजीत उतरतं. लागतं ते 'आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर सेव्हन इयर्स'. 'फॉर' म्हणजे किती काळ, 'सिन्स' म्हणजे कधीपासून. हे मात्र मी घोटून घेते, कारण सेवेची वर्षं हा आपला हक्काचा आकडा आहे. 'ए', 'ॲन', 'द'वर मी फार वेळ घालवत नाही. मराठीत ती भानगडच नाही, त्यामुळे चुकतं. चुकू दे. 'द' राहिला म्हणून कुणाचा पगार बुडालेला मी पाहिला नाही.

उच्चारांच्या बाबतीत बायका फार दुखावलेल्या असतात. कुणीतरी कधीतरी हसलेलं असतं. एकीने दुकानात 'रिसिप्ट' म्हटलं म्हणून तिच्याबरोबरची मुलगी दिवसभर तिला तसंच चिडवत राहिली. त्यात 'पी' लिहायचा पण म्हणायचा नाही, ही इंग्रजीची खोड, त्या बाईची नव्हे. 'रिझाइन'मध्ये 'जी' गप्प बसतो आणि 'रेझिग्नेशन'मध्ये बोलतो. मग एकच शब्द दोन वाटून लोक गोंधळले तर नवल काय? 'व'चं तर विचारूच नका. मराठीत एकच 'व', इंग्रजीत दोन. एक ओठांचा चंबू करून, दुसरा वरचे दात खालच्या ओठाला टेकवून. 'मिनिमम वेज' म्हणताना दात टेकले की ऐकणाऱ्याला वाटावं, ही शाकाहारी जेवण मागतेय! हे सांगितलं की वर्ग हसून हसून लोळतो आणि उच्चार कायमचा बसतो. पण विलायती ढब आणायची असं आमचं ध्येय नाही. समोरच्याला कळलं की झालं. आपण मराठी बायका आहोत, हे आपल्या इंग्रजीतून ऐकू आलं तर बिघडलं कुठे?

खरी कसरत असते ती जोडीजोडीने करायच्या सरावात. एकीने साहेब व्हायचं, दुसरीने स्वतः. 'आय वॉन्ट दिस इन रायटिंग.' 'आय डू नॉट ॲग्री.' 'प्लीज गिव्ह मी टाइम टु रीड इट.' वाक्यं सोपी आहेत. पण म्हणताना मान खाली जाते, आवाज घशात अडकतो आणि सुरुवातीला 'सॉरी सर' लागतंच. म्हणून आम्ही मध्ये एक वाटी ठेवली. विनाकारण 'सॉरी' म्हणाली की तिने वाटीत एक शेंगदाणा टाकायचा. पहिल्या रविवारी वाटी भरून वाहिली. शेंगदाणे अर्थातच सगळ्यांनी मिळून खाल्ले. 'मला वाचायला वेळ द्या' हे वाक्य आम्ही मराठीतही म्हणून घेतो. यातल्या कितीतरी जणींनी ते घरात, बँकेत, सासरच्या जमिनीच्या कागदावर सही करतानासुद्धा कधी म्हटलेलं नसतं.

आता विरोधाकडे येते. महाराष्ट्रात नोकरी, मग पत्र मराठीत का नको? पूर्ण मान्य. १९६४ चा राजभाषा अधिनियम राज्य सरकारच्या कामकाजापुरता आहे, खाजगी कंपनीच्या नेमणूक पत्राला तो हात लावत नाही. १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्यात मात्र कामाच्या अटी इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत, अशा दोन्हींत फलकावर लावायच्या, असं स्पष्ट लिहिलेलं होतं. म्हणजे आपली मागणी काही जगावेगळी नाही. ती करत राहू. पण ती मान्य होईपर्यंत बायकांनी न कळणाऱ्या कागदांवर सह्या करत राहायचं का?

आणि थोडं कडू बोलते. 'इंग्रजी ही सत्तेची भाषा' असं म्हणणाऱ्या आपल्यापैकी कितीजणींची मुलं मराठी शाळेत आहेत? वर्गातल्या एका दलित मैत्रिणीने मला हे विचारलं तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. त्याआधी शिकलेल्या, आज चाळिशी ओलांडलेल्या बायकांना ते पाचवीपासून मिळालं, तेही फळ्यावरून उतरवून घेण्यापुरतं. सावित्रीबाईंच्या १८५४ च्या 'काव्यफुले'मध्ये इंग्रजी शिकण्याविषयी कविता आहेत. रखमाबाईंनी १८८५ मध्ये 'ए हिंदू लेडी' या नावाने टाइम्स ऑफ इंडियात बालविवाहाविरुद्ध पत्रं लिहिली, ती इंग्रजीत. ज्यांच्यापर्यंत आपलं म्हणणं पोचवायचं होतं, ते ती भाषा वाचत होते म्हणून. बायकांनी इंग्रजी हत्यारासारखं हाती घेतलं, हे काही आज घडत नाहीये.

पॅकिंगमधली ती मैत्रीण बाळ वर्षाचं झाल्यावर वर्गाला यायला लागली. आता नव्या बायकांना पहिला धडा तीच देते. आपल्याच राजीनाम्याची झेरॉक्स, नाव झाकून, भिंतीला लावते आणि विचारते, "टेंडर म्हणजे काय, सांगा बघू?"

तुमच्याकडून मला एवढंच हवंय. तुमच्या केंद्रांवर नेमणुकीची, बडतर्फीची, मेमोची पत्रं येतात. बाईची परवानगी घेऊन, नावगाव काळ्या शाईने झाकून, त्यांच्या प्रती आम्हाला द्या. त्यातल्या वाक्यांची पुस्तिका करायचं चाललंय, डाव्या पानावर त्यांचं इंग्रजी, उजव्या पानावर आपलं उत्तर. उजवी पानं लिहायला चारपाच जणी हव्या आहेत. जेवणानंतर मी मागच्या खोलीत बसते आहे, तिथे या.