शेवटच्या रांगेतली कुजबुज



माझे वडील नाटक नेहमी बाल्कनीतून पाहायचे. तिकीट तिथलंच परवडायचं. प्रयोग संपला की त्यांचा पहिला शेरा आवाजाबद्दल असायचा, ‘वरपर्यंत ऐकू आला बरं का!’ रंगमंचावरच्या नटाची ही पहिली परीक्षा. त्याला कुजबुजायचं असलं तरी ती कुजबुज शेवटच्या रांगेपर्यंत गेली पाहिजे. म्हणजे कुजबुजसुद्धा मोठ्यानंच करायची!

एका नटानं मात्र खरोखरच हलक्या आवाजात बोलायचं ठरवलं, आणि ते मी हजारो मैलांवरून ऐकलं. त्या अनुभवाबद्दल आज बोलायचं आहे.

लंडनच्या नॅशनल थिएटरनं २००९ च्या जूनमध्ये एक धाडस केलं. नाटककार रासीनच्या ‘फेद्र’ या शोकांतिकेचा चालू प्रयोग उपग्रहावरून थेट चित्रपटगृहांत दाखवला. हेलन मिरन त्यात राणीच्या भूमिकेत होत्या. नाट्यगृहात जेमतेम नऊशे माणसं मावायची. तो प्रयोग जगभरात ५०,००० हून अधिक लोकांनी पाहिला. तिथून ‘नॅशनल थिएटर लाइव्ह’ सुरू झालं. सभागृहातच कॅमेरे मांडायचे, त्यांच्यासह आधी तालमी करायच्या आणि समोर तिकीट काढून बसलेल्या प्रेक्षकांसाठी नेहमीसारखा प्रयोग करायचा, अशी ही पद्धत.

याच मालिकेत फेब्रुवारी २०११ मध्ये ‘किंग लिअर’ दाखवलं गेलं. दिग्दर्शक मायकेल ग्रँडेज आणि लिअर झाले होते डेरेक जेकबी, तेव्हा बहात्तर वर्षांचे. प्रयोग डॉनमार वेअरहाउस या अडीचशे खुर्च्यांच्या नाट्यगृहातला. मी त्याचं चित्रमुद्रण नंतर एका सभागृहात पाहिलं.

गोष्ट आपल्याला परकी नाही. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मागे हाच लिअर उभा आहे, आणि विंदा करंदीकरांनी तो ‘राजा लिअर’ म्हणून मराठीत आणला. सर्वस्व मुलींना देऊन बसलेला म्हातारा बाप भर वादळात उघड्यावर येतो आणि वाऱ्याला, विजेला, पावसाला आव्हान देतो. नटानं इथं गर्जना करायची, अशीच रीत.

जेकबींच्या प्रयोगात वादळ घोंघावत होतं. मागच्या पांढुरक्या फळ्यांच्या फटींतून विजेचा लखलखाट येत होता. आणि एकदम सगळा आवाज थांबला. त्या शांततेत म्हाताऱ्यानं ते सगळं भाषण कुजबुजत म्हटलं. वादळ बाहेर नव्हतंच, त्याच्या डोक्यात होतं. ध्वनिक्षेपकानं ती कुजबुज माझ्या कानाशी आणून ठेवली. मी मागून दुसऱ्या रांगेत होतो. त्या रात्री मागची रांग उरलीच नव्हती.

या जवळिकीची किंमतही मोजावी लागते. कुठं पाहायचं हे कॅमेरा ठरवतो. पहिल्या प्रवेशात थोरल्या मुली बापाची तोंडभरून स्तुती करतात, तेव्हा मला गप्प उभ्या असलेल्या धाकटीकडे पाहत राहायचं होतं. ते माझ्या हातात नव्हतं. आणि नटाला आपण ऐकू जात नाही. भरल्या सभागृहातली शांतता नटाला कळते, तो तिच्यावर पुढचं वाक्य तोलतो. आमची शांतता जेकबींपर्यंत कधीच पोचणार नव्हती.

पण ती शेजाऱ्याला ऐकू जात होती. लिअरच्या ग्लॉस्टर नावाच्या सरदाराचे डोळे काढतात त्या प्रवेशात मी मान खाली घातली, तर शेजारच्या बाईंची बोटं खुर्चीच्या हाताशी घट्ट आवळलेली दिसली. घरी असतो तर मी तिथंच नाटक थांबवून पाणी प्यायला उठलो असतो. शोकांतिकेत पुढचं अरिष्ट टळत नाही, तो तिचा धर्म आहे. ती थांबवायचं बटण पाहणाऱ्याच्या हाती दिलं की तो धर्मच मोडतो.

शेवटी लिअर मेलेल्या धाकट्या मुलीला हातांवर घेऊन येतो. तिचा श्वास चालू आहे का ते पाहायला आरसा मागतो. ती गेली आहे हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, तरी सगळे तिच्या ओठांकडे पाहत होतो. कुणी हललं नाही, कुणी खोकलं नाही.

मुंबईत एनसीपीएसारख्या ठिकाणी अशी नाटकं पडद्यावर दाखवतात. संधी मिळाली तर जरूर जा, आणि चार अनोळखी माणसांमध्ये बसून पाहा.

मला त्या रात्री वडिलांची आठवण येत राहिली. बाल्कनीतल्या त्या माणसाला आयुष्यात एकदा तरी नटाची कुजबुज, कुजबुज म्हणूनच ऐकायला मिळायला हवी होती.