खुदाचा पुरावा आणि शंका घेणाऱ्याची जागा



मी आलिम नाही आणि तत्त्वज्ञानाचा प्राध्यापकही नाही. सॉफ्टवेअर लिहितो. दुसऱ्यांच्या आणि स्वतःच्या कोडमधल्या चुका शोधण्यात दिवस जातो, त्यामुळे ‘पुरावा’ या शब्दाशी रोज गाठ पडते. तेवढ्याच भांडवलावर आज बोलणार आहे.

२० डिसेंबर २०२५ रोजी दिल्लीच्या कॉन्स्टिट्यूशन क्लबमध्ये जावेद अख्तर आणि मुफ्ती शमाईल नदवी यांच्यात ‘ईश्वर आहे का?’ या विषयावर जाहीर चर्चा झाली. तुमच्यापैकी बहुतेकांनी ती पाहिली असेल, निदान तिचे तुकडे तरी फोनवर आलेच असतील. तेव्हापासून मला एकच प्रश्न विचारला जातो, कोण जिंकलं? ऑफिसात विचारतात, जुम्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर विचारतात, लग्नात बिर्याणीच्या पंगतीत विचारतात. क्रिकेटचा स्कोअर विचारावा तसं.

मला त्या चर्चेआधीची एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. काही महिन्यांपूर्वी कोलकात्यात पश्चिम बंगाल उर्दू अकादमीने हिंदी सिनेमातल्या उर्दूवर कार्यक्रम ठेवला होता. जावेद अख्तर पाहुणे होते. काही धार्मिक संघटनांनी आक्षेप घेतला आणि कार्यक्रम पुढे ढकलला गेला. विषय उर्दूचा होता, खुदाचा नव्हता, तरीही. कोलकात्यात ज्यांना व्यासपीठावर येऊ दिलं नाही, त्यांच्या समोर दिल्लीत एक मुफ्ती बसले, ऐकून घेतलं, उत्तर दिलं. कोण जिंकलं ते बाजूला ठेवा, दिल्लीत जे झालं ते कोलकात्यापेक्षा चांगलं झालं.

आता पुराव्यांकडे येतो.

मुफ्तींचा मुख्य युक्तिवाद हजार वर्षांपूर्वी इब्न सिनाने बांधलेला आहे. जगातली प्रत्येक गोष्ट ‘मुमकिन’ आहे, म्हणजे ती असू शकते, नसूही शकते. मी जन्मलो नसतो तरी चाललं असतं. अशा गोष्टींना असण्यासाठी दुसऱ्या कशाचा तरी आधार लागतो. सगळेच जर उधारीवर जगणारे असतील, तर मुळात भांडवल कुठून आलं? म्हणून एक तरी ‘वाजिब’, म्हणजे स्वतःच्याच आधारावर असलेलं अस्तित्व मानावं लागतं. इंजिनिअरिंगला असताना हे वाचलं तेव्हा मला रिकर्शन आठवलं. फंक्शन स्वतःलाच बोलावत राहिलं आणि थांबण्याची अट लिहिलेली नसेल, तर प्रोग्रॅम कोसळतो.

यावर आपले नास्तिक मित्र लगेच म्हणतात, ‘मग देवाला कोणी बनवलं?’ मला हे उत्तर कच्चं वाटतं. ‘प्रत्येक गोष्टीला कोणीतरी बनवलंय’ असं इब्न सिना म्हणतच नाही. जे नसूही शकलं असतं त्याला आधार लागतो, एवढंच त्याचं म्हणणं. शिवाय जगाला काळात सुरुवात होती, असंही तो धरत नाही. बल्ब अनादी काळापासून पेटलेला असला तरी वीज आत्ता, या क्षणाला लागतेच. खरी हरकत बर्ट्रांड रसेलने १९४८ मध्ये बीबीसीवर फादर कोपल्स्टन यांच्याशी झालेल्या चर्चेत घेतली. प्रत्येक माणसाला आई असते, म्हणून अख्ख्या मानवजातीला मिळून एक आई असलीच पाहिजे, असं निघत नाही. तसंच एकेका वस्तूला कारण आहे म्हणून सगळ्या विश्वाला कारण आहे, असंही निघत नाही. या हरकतीला माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. आहे असं म्हणणाऱ्या कुणाचं ऐकून माझं समाधानही झालेलं नाही.

दुसरा युक्तिवाद इमाम गझालींचा. जगाला सुरुवात आहे, म्हणून सुरू करणारा आहे. तो मांडताना त्यांनी एक सुंदर हिशेब घातलाय. सूर्याची फेरी एका वर्षात होते, शनीची तीस वर्षांत. म्हणजे शनीच्या फेऱ्या सूर्याच्या फेऱ्यांच्या एक तीसांश. पण जग अनादी असेल तर दोन्ही फेऱ्या अनंत. मग अनंताचा तिसावा हिस्सा अनंताइतकाच कसा? आणि त्या फेऱ्या सम की विषम? अकराव्या शतकाच्या अखेरीस बगदादमध्ये बसून हा माणूस हे विचारतोय! एकोणिसाव्या शतकात गेओर्ग कँटरने दाखवलं की अनंत संचाचा हिस्सा पूर्ण संचाइतकाच असू शकतो, त्यात विसंगती नाही. गझालींचं कोडं गणितापुरतं तिथे सुटलं. कँटर स्वतः मात्र मोठा श्रद्धाळू होता.

आता जी गोष्ट दोन्ही बाजू टाळतात ती सांगतो. आज आपण ज्या इब्न सिनाचा युक्तिवाद इस्लामच्या बचावासाठी वापरतो, त्याच्या मतांवर गझालींनी तीन मुद्द्यांवरून कुफ्रचा शिक्का मारला होता. जग अनादी आहे, खुदाला बारीकसारीक घटना त्या घटना म्हणून कळत नाहीत, आणि कयामतीला शरीर उठणार नाही, ही ती मतं. गझालींना दिसत होतं की ‘वाजिब’ सिद्ध झाला म्हणून दुआ ऐकणारा अल्लाह सिद्ध होत नाही. दोघांच्या मध्ये लांबचा रस्ता आहे. आणि दुआ ऐकणाऱ्यापासून ‘बायकोला खर्च द्यायचा की नाही’ इथपर्यंतचा रस्ता तर आणखी लांब. चर्चेत पहिला टप्पा जिंकायचा आणि बक्षीस शेवटच्या टप्प्याचं घ्यायचं, हे मी आपल्या लोकांना फार वेळा करताना पाहतो. १८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाई सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन मुंबईत सचिवालयावर गेले. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, ही त्यांची मागणी होती. अल्लाह आहे की नाही हा प्रश्न त्या मोर्चात कुणी विचारला नव्हता. विरोध करणाऱ्यांनी मात्र तो दीनवरचा हल्ला ठरवला.

दिल्लीत जावेद अख्तर यांनी गाझातल्या मुलांचा प्रश्न काढला. सर्वशक्तिमान आणि दयाळू असेल तर हे कसं चालू देतो? हा प्रश्न पाश्चात्यांकडून आलाय असं समजणाऱ्यांना तीन भावांची गोष्ट सांगतो. अबुल हसन अशअरी आणि त्यांचे मुअतझिली उस्ताद जुब्बाई यांच्यातली म्हणून ती सांगितली जाते. एक भाऊ मोमिन म्हणून मेला, एक काफिर म्हणून, एक लहानपणीच गेला. छोटा म्हणतो, या अल्लाह, मलाही आयुष्य दिलं असतंस तर मीही नेकी करून वरचा दर्जा मिळवला असता. उत्तर येतं, तू मोठा होऊन गुनाह केले असतेस, म्हणून तुझ्या भल्यासाठी लवकर उचललं. तेवढ्यात जहन्नममधून मोठा ओरडतो, मग मला का नाही लहानपणीच उचललंस? जुब्बाई गप्प झाले म्हणतात. हा प्रश्न आपल्याच मदरशात जन्मलाय. गाझातल्या बापाला ‘ही इम्तिहान आहे’ असं एसी हॉलमधून सांगणं मला जमत नाही. तो बाप स्वतः ‘अलहम्दुलिल्लाह’ म्हणत असेल, तर ते खोडून काढण्याचा हक्कही मला नाही.

शंका घेणाऱ्यांनाही एक सांगायचंय. आमच्या धंद्यातला मोठा माणूस एड्सगर डाइक्स्ट्रा बजावून गेला की टेस्टिंगने चूक आहे एवढं दाखवता येतं, चूक नाहीच हे दाखवता येत नाही. शोधलं आणि सापडलं नाही, यातून ‘नाही’ निघत नाही. तुम्ही म्हणाल, दावा करणाऱ्याने पुरावा द्यावा. बरोबर, मान्य. पण मग ‘नाहीच’ हासुद्धा दावा आहे, तोही त्याच तराजूत घाला. आणि तुमचा तराजू फक्त कुरआनपुरताच बाहेर निघत असेल, बाकी ग्रंथांसमोर म्यान होत असेल, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांना मुसलमानांचं घर जळण्यात रस असेल, तर मी तिथे बसणार नाही.

मी स्वतः कुठे उभा आहे? मी मानतो. पुराव्यामुळे मानतो असं म्हणणं मात्र खरं होणार नाही. गझालींनीही आपल्या आत्मचरित्रात लिहिलंय की शंकेच्या आजारातून ते बरे झाले ते दलीलने नाही, अल्लाहने छातीत टाकलेल्या नूरमुळे. इतका मोठा वाद घालणारा माणूस हे कबूल करतो. मग ज्याच्या छातीत तो नूर अजून पडलेला नाही त्याला मारझोड कशासाठी?

कारण ती होते. मार्च २०१७ मध्ये कोइमतूरला एच. फारूक या ३१ वर्षांच्या नास्तिक तरुणाचा खून झाला. त्या प्रकरणात पकडलेले लोक मुसलमान होते. इतकं टोक नसलं तरी आपल्या घरांत काय चालतं ते तुम्हाला ठाऊक आहे. अशा कार्यक्रमांनंतर कुणीतरी जिन्यात गाठतं आणि हळू आवाजात विचारतं, ‘भाई, मला शंका येतात. घरी सांगू का?’ पुरावा वगैरे तो विचारत नाही. बहिणीचा निकाह मोडेल का, अब्बा बोलणं बंद करतील का, मेल्यावर कबरस्तानात जागा देतील का, हे विचारतो. मी त्याला काय सांगू?

नवव्या शतकातला इब्न अल-रावंदी नबुव्वतीवर शंका घेणारा म्हणून बदनाम होता. त्याची पुस्तकं नाहीशी झाली. त्याचं म्हणणं आज आपल्यापर्यंत पोचलंय ते बरंचसं त्याला खोडून काढणाऱ्यांमुळे. अल-खय्यात या मुअतझिली आलिमाने उत्तर देण्यासाठी त्याची वाक्यंच्या वाक्यं उतरवून घेतली. अबू बक्र अल-राझी या हकिमाचंही तसंच, त्याचे आक्षेप त्याचा विरोधक अबू हातिम अल-राझी याने लिहून ठेवले. उत्तर द्यायचं तर आधी समोरच्याचं म्हणणं नीट मांडायचं, ही त्यांची रीत. दर्स-ए-निझामीत मुनाझऱ्याचे नियम शिकवणारं ‘रशीदिया’ हे पुस्तक शिकवलं जात आलंय. ते जौनपूरच्या अब्दुर रशीद यांचं, म्हणजे आपल्याच मुलखातलं.

तर पुढच्या महिन्याच्या बैठकीसाठी माझी एक मागणी आहे. बोलणाऱ्याने आधी समोरच्याचा मुद्दा मांडायचा, आणि समोरचा ‘हो, हेच माझं म्हणणं’ म्हणेपर्यंत उत्तराला सुरुवात करायची नाही. शूटिंग करायचं असेल तर पूर्ण करा, तुकडे नकोत. आणि जिन्यात विचारणारी जी मुलं-मुली आहेत त्यांची नावं कुणी कुणाच्या घरी पोचवणार नाही, हे कमिटीने आजच सगळ्यांसमोर कबूल करावं. आता प्रश्न घेतो. आधी मागच्या रांगेतून घ्या, पुढचे लोक नेहमीच बोलतात.