टेकू कुणी मोजले?

(नाक्यावरच्या बांधकाम मजुरांच्या सभेत केलेलं भाषण)



स्लॅब कोसळला की पेपरात चार ओळी येतात. ‘सेंट्रिंग निसटून दुर्घटना.’ निसटायला सेंट्रिंग म्हणजे काय साबणाची वडी आहे? २९ जुलै २०१६ ला पुण्यात बालेवाडीला बांधकाम चालू असलेल्या इमारतीचा वरचा स्लॅब कोसळला. ९ मजूर मेले. नशिबात होतं म्हणून रडून मोकळं व्हायचं असेल, तर त्याला भाषण लागत नाही. आज मी वजनाचं बोलणार आहे.

१० बाय १० फुटांची खोली घ्या. वर ५ इंची स्लॅब. काँक्रीट घनमीटरला साधारण २५०० किलो भरतं. म्हणजे त्या एवढ्याशा खोलीच्या डोक्यावर जवळजवळ ३ टन! त्यात प्लेटा, घमेली वाहणारी माणसं, थरथरणारा व्हायब्रेटर आणि एकाच जागी ओतलेला ढीग. काँक्रीट स्वतःच्या पायावर उभं राहीपर्यंत हे सगळं टेकूंच्या डोक्यावर. आणि टेकू कशावर? पावसानं भिजलेल्या भरावावर. फुटक्या विटेवर. वर एवढा हिशेब आणि खाली वीट!

टेकू सहसा चिरडून मोडत नाही, वाकून मोडतो. त्याची उंची दुप्पट केली की तो जेमतेम चौथा हिस्सा वजन पेलतो. हे शाळेत कुणी शिकवलं नाही, पण बांबू हातात धरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आखूड बांबू वाकत नाही, लांब वाकतो. म्हणून उंच टेकूंना मधे आडव्या-तिरक्या बल्ल्या बांधायच्या असतात. आपल्याकडं पोर्चचा नाहीतर हॉलचा उंच स्लॅब असला की बल्लीला बल्ली जोडतात, दोन खिळे मारतात आणि मुकादम म्हणतो, ‘चलता है.’ चालत नाही. एक टेकू गेला की त्याचं वजन शेजारच्यावर जातं, तो गेला की पुढच्यावर. पळायला वेळ मिळत नाही.

तेव्हा स्लॅब भरायच्या आधी खाली जाऊन बघा. टेकूखाली जाड फळी आहे का? ओळंब्यात उभा आहे का? पाचर ठोकून खिळ्यानं पक्की केलीय का? खालच्या मजल्याचे टेकू वरच्या टेकूंच्या बरोबर खाली आहेत का? भरताना बाहेरून नजर ठेवायला एक जाणता माणूस हवा. त्यानं हात वर केला की मिक्सर बंद. आणि स्लॅब भरला जात असताना त्याच्या खाली कुणीही नको. सावली मिळते म्हणून लेकरू तिथं निजवू नका, बायांनो.

आता काढण्याचं. भारतीय मानक ४५६, सन २००० चं. ते सांगतं : साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू ७ दिवस, त्याहून मोठ्याचे १४. बीमचे ६ मीटरपर्यंत १४ दिवस, पुढं २१. हे साध्या सिमेंटचं, हवा १५ अंशांखाली गेली नसेल तेव्हाचं. थंडी असली, राख मिसळलेलं सिमेंट असलं, तर आणखी थांबायचं. पण प्लेटांचं भाडं दिवसावर चढतं, पुढची साइट वाट बघते. मग चौथ्या दिवशीच हातोडा पडतो. भाडं वाचतं मालकाचं, मान जाते तुमची.

आपण अडाणी म्हणून असं होतं, असं कुणी म्हणेल तर त्याला अमेरिका दाखवा. वेस्ट व्हर्जिनियात विलो आयलंडला वीजकेंद्राचा कूलिंग टॉवर बांधत होते. साचे आणि माणसांचं मचाण आदल्या दिवशीच्या काँक्रीटवर टांगलेलं. ते अजून कच्चं होतं. २७ एप्रिल १९७८ ला सगळं खाली आलं. ५१ कामगार मेले. सरकारी तपासातही हेच निघालं. काँक्रीटला इंग्रजी कळत नाही न् मराठीही कळत नाही. त्याला फक्त दिवस कळतात.

सेंट्रिंगसाठी वेगळं मानक आहे, १४६८७ नंबरचं, १९९९ चं. बांधकाम कामगारांचा कायदा १९९६ ला झाला. त्याची जागा २०२० च्या सुरक्षा संहितेनं घेतली, ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. कागद कमी पडलेला नाही. कागद आपल्यापर्यंत येत नाही, एवढंच. नकाशा काढतो तो बल्लीवर चढत नाही. बल्लीवर चढतो त्याला नकाशा दाखवत नाहीत. जातीनं नुसती कामं वाटली नाहीत, कामगारच वाटून टाकले, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच सांगून ठेवलंय. साइटवर जा, ती वाटणी आजही मजल्यामजल्यानं दिसते.

म्हणून मागणी साधी आहे. टेकू किती, किती अंतरावर, याचा नकाशा खाली लावा, मराठीत आणि हिंदीत. कुणी तपासलं त्या इंजिनियरचं नाव, तारीख, सही त्यावर पाहिजे. टेकू कधी काढायचे ती तारीखही त्यावरच. धोका दिसला म्हणून काम थांबवलं, तर हजेरी कापायची नाही.

एकट्यानं नाही म्हटलं तर मुकादम अर्ध्या तासात दुसरा माणूस नेतो, हे मला कळतं. संध्याकाळी चूल पेटवायची असते. म्हणून एकट्यानं म्हणूच नका. सेंट्रिंगवाला, फिटर, गवंडी, बिगारी, बिहारचा, मराठवाड्याचा, सगळ्या नाक्यानं मिळून म्हणा. उद्यापासून एकच बोलायचं :

सही नाही, तर घमेलं नाही!