सभा आपली, ठराव दुसऱ्याचा
(जिल्हा बैठकीतील भाषण, नवी मुंबई)



या मातीत एकजुटीचं महत्त्व नव्यानं सांगायला नको. 1984 च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासईला माणसं रस्त्यावर उतरली, पाच जण गोळीबारात हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क त्या लढ्यातून उभा राहिला. गोळीला न भिणारा हाच शेतकरी आपल्या विकास सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस मात्र घडी घालून खिशात ठेवतो. असं का?

"मी एकटा गेलो नाही तर काय बिघडतं?" बिघडतं ते असं. गणसंख्या भरली नाही की सभा तहकूब होते. अर्ध्या तासानं तिथंच पुन्हा भरते आणि बहुतेक पोटनियमांत त्या सभेला गणसंख्येची अट नसते. मग पंधरा माणसं 'मंजूर, मंजूर' म्हणतात, चहा घेतात आणि घरी जातात. तोच साऱ्या सभासदांचा ठराव! बोजा आपल्या सातबाऱ्यावर, ठराव त्यांचा.

कायदा तर आपल्या बाजूनं आहे. 1960 च्या सहकार कायद्याचं कलम 72 सांगतं, अंतिम सत्ता सर्वसाधारण सभेची. चेअरमनची नाही, सचिवाचीही नाही. वीस गुंठेवाला असो की वीस एकरवाला, मत एकच. पण ते स्वतः जाऊन द्यावं लागतं, दुसऱ्याच्या हाती पाठवता येत नाही. मायबहिणींनो, भाग तुमच्या नावावर असेल तर मतही तुमचंच.

वर्ष 31 मार्चला संपतं, सभा 30 सप्टेंबरच्या आत व्हायला हवी. नोटीस आली की चार कामं करा. एक, कचेरीत जाऊन ताळेबंद, मागचं इतिवृत्त आणि आपलं खातं पाहा. कलम 32 प्रमाणे ते फुकट पाहता येतं. दोन, लेखापरीक्षकानं दाखवलेले दोष दुरुस्त झाले का, ते विचारा. तीन, प्रश्न लेखी द्या, पोच घ्या. चार, ठराव जसा झाला तसाच लिहिला का, हे पाहूनच उठा.

वाशीच्या मार्केटातून आलेली पट्टी आपण हमाली-तोलाईसकट दोनदा तपासतो. आपल्या संस्थेची पट्टी वर्षातून एकदाच निघते. ती तपासायला या, आणि येताना शेजाऱ्यालाही घेऊन या.