गळक्या झडपेचा उपचार आणि देणगीचा विनियोग
(वार्षिक सभेतील प्रशासकांचे भाषण)



हृदयाच्या गळक्या झडपेवर छाती न उघडता उपचार करण्यासाठी स्वतंत्र निधी उभारावा, अशी सूचना काही देणगीदारांनी केली आहे. सूचना स्तुत्य आहे. तथापि त्या निधीतील पैसा कोणत्या क्रमाने खर्च व्हावा, याविषयी निवेदन करणे मला अगत्याचे वाटते. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकातले जे सांगतो ते आमच्या डॉक्टरांकडून समजून घेतलेले आहे.

‘हार्ट फेल्युअर’ म्हटले की हृदय बंद पडले असे नातेवाइकांना वाटते. वस्तुतः हृदय चालू असते, पण त्याची पंपशक्ती क्षीण झालेली असते. असे हृदय फुगले की डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधील मिट्रल झडपेच्या पाकळ्या एकमेकींपासून दुरावतात आणि पुढे जायचे रक्त मागे फुफ्फुसांकडे लोटले जाते. दम लागतो, पाय सुजतात, रात्र बसून काढावी लागते. येथे मूळ दोष झडपेचा नसून हृदयाच्या स्नायूचा असतो.

इटलीतील शल्यविशारद ओत्ताव्हिओ अल्फिएरी यांनी १९९१ मध्ये दोन पाकळ्या मध्यभागी टाक्याने जोडून गळती कमी केली. तोच विचार पुढे क्लिपमध्ये उतरला; २००३ मध्ये ती प्रथम रुग्णावर वापरली गेली. मांडीच्या शिरेतून नळी हृदयात नेतात आणि अन्ननलिकेतून घेतलेल्या सोनोग्राफीच्या चित्रावर नजर ठेवून पाकळ्या चिमटीत पकडतात. हृदय धडधडतच असते.

आता आकडे. २०१८ मध्ये दोन अभ्यास प्रसिद्ध झाले. अमेरिका व कॅनडातील ६१४ रुग्णांच्या अभ्यासात दोन वर्षांअखेर केवळ औषधे घेणाऱ्या शंभरांपैकी सुमारे ४६ दगावले. औषधांसह क्लिप बसविलेल्यांपैकी २९. फ्रान्समधील ३०४ रुग्णांत मात्र वर्षअखेर काहीच लाभ दिसला नाही. तज्ज्ञांच्या मते हा फरक मुख्यतः निवडीचा होता. अमेरिकेत आधी औषधे पूर्ण मात्रेपर्यंत नेली गेली आणि हृदयाच्या आकाराच्या मानाने गळती मोठी असलेले रुग्ण घेतले गेले. फ्रान्समध्ये हृदये अधिक फुगलेली आणि गळती त्या मानाने कमी होती. अमेरिकेतील अभ्यासात पाच वर्षांनी क्लिप असलेल्यांपैकीही निम्म्याहून अधिक दगावले होते, हेही सांगितले पाहिजे.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. बालपणीच्या ऱ्हुमॅटिक तापाने ज्यांची झडप जाड व अरुंद झाली आहे, त्यांना ही क्लिप बहुधा चालत नाही. ती झडप अधिकच आवळते.

क्लिपची किंमत कित्येक लाखांच्या घरात आहे. आपल्या राज्यातील धर्मादाय रुग्णालये २००६ पासून बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करतात. त्या निधीवर प्रसूतीपासून कर्करोगापर्यंत सर्वांचा हक्क आहे. एका क्लिपच्या खर्चात अनेक रुग्णांची वर्षभराची औषधे बसतात. फलकावर नाव कोरायला क्लिप शोभते, गोळ्यांची पाकिटे शोभत नाहीत, हे मी जाणतो.

म्हणून माझा प्रस्ताव असा की, या निधीतून प्रथम औषधे, नियमित तपासणी व अन्ननलिकेतून होणारी सोनोग्राफी यांचा भार उचलावा. औषधे पुरेशी देऊनही ज्यांचा त्रास हटत नाही, त्यांची निवड हृदयरोगतज्ज्ञ, शल्यविशारद व भूलतज्ज्ञ यांनी एकत्र बसून करावी आणि त्यांनाच क्लिपसाठी साहाय्य द्यावे. रुग्णाची शिफारस देणगीदाराने, विश्वस्ताने किंवा प्रशासकाने करू नये.

प्रस्ताव सभेपुढे ठेवला आहे. यानंतर कोषाध्यक्ष लेखापरीक्षित हिशेब सादर करतील.