पतनानंतरची कृपा

वाशीम हें वऱ्हाडांतील फार जुनें गांव. वत्सगुल्म या प्राचीन नांवानें तें वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होतें. १ जुलै १९९८ रोजीं अकोल्यापासून वेगळा झालेला वाशीम जिल्हा धर्मजीवनाच्या दृष्टीनेंही संपन्न आहे. कारंजा हें श्रीनृसिंहसरस्वतींचें जन्मस्थान, शिरपूर हें जैनांचें तीर्थ, पोहरादेवी हें बंजारा समाजाचें श्रद्धास्थान. या मोठ्या परंपरांच्या सान्निध्यांत वाशीम गांवीं एक लहानशी ख्रिस्ती मंडळीही अनेक पिढ्या नांदत आली आहे. डॉ. ऑर्फा स्पायकर या अमेरिकन डॉक्टरीणबाईंनीं १९३८ सालीं तेथें सुरू केलेलें रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल पुष्कळांस ठाऊक असतें; परंतु ज्या शिकवणीच्या पोटीं तें जन्मास आलें, ती शिकवण फारशी कोणास ठाऊक नसते. तिच्यांत मनुष्याच्या नैतिक जीवनाचा एक अवघड प्रश्न दडलेला आहे, आणि तो केवळ ख्रिस्ती माणसांपुरताच नाहीं.

वाशीमला प्रथम मेथडिस्ट मिशनचें काम होतें. १९३० नंतरच्या दशकांत तें नाझरीन मंडळीच्या हातीं आलें. या दोन्ही पंथांचें मूळ अठराव्या शतकांतील इंग्रज धर्मोपदेशक जॉन वेस्ली याच्या शिकवणींत आहे. वेस्लीचें म्हणणें असें कीं, ईश्वर पाप्यास क्षमा करतो, एवढ्यानें त्याची कृपा संपत नाहीं. ती त्याचें अंतःकरणही पालटते. दरोडेखोरास तुरुंगांतून सोडलें, पण त्याची लुटण्याची वासना तशीच राहिली, तर त्या सुटकेचें मोल तें काय? ईश्वराच्या प्रेमानें मन इतकें भरून जावें कीं, जाणूनबुजून पाप करण्याची इच्छाच उरूं नये. आणि हें या जन्मींच शक्य आहे, असें तो शिकवी. १९०८ मध्यें अमेरिकेंत संघटित झालेल्या नाझरीन मंडळीनें हेंच तत्त्व, म्हणजे संपूर्ण पवित्रीकरण, आपल्या उपदेशाचें केंद्र मानलें.

ध्येय उदात्त आहे, यांत शंका नाहीं. परंतु शिखर जितकें उंच, तितकी दरी खोल. पवित्र जीवनाची ग्वाही ज्यानें चारचौघांत दिली, तोच मनुष्य पुढें घसरला, तर त्याची वाट काय?

समजा, मंडळीचा पैका सांभाळणारा एखादा हिशेबनीस आहे. पावसानें दगा दिला, मुलीच्या लग्नाची निकड पडली, आणि 'उद्यां परत ठेवूं' म्हणून त्यानें पेटींतील कांहीं रुपये उचलले. तो उद्यां उगवला नाहीं. मग वहींत एक खोटा आंकडा आला. त्या आंकड्याची लाज राखण्यासाठीं दुसरा आला. रविवारीं प्रार्थनेस उभा राहिला म्हणजे त्याचा आवाज आतां पूर्वीपेक्षां चढा लागतो. चोरी एका दिवसाची, सोंग मात्र वर्षाचें. त्याला कबुलीपासून कोण अडवून धरतें? पैशाचा लोभ एव्हांना ओसरलेला असतो. अडवितें तें भय: सत्य उघड झालें तर या माणसांत आपल्याला जागा उरणार नाहीं, हें भय. जेथें फक्त निष्कलंकांनाच मान, तेथें कलंक लपविण्याची कला वाढीस लागते. कडक शिस्तीच्या घरांतील मुलें खोटें बोलावयास लवकर शिकतात, तसाच हा प्रकार.

याच्या उलट टोकाची चूकही तितकीच घातक आहे. देव दयाळू आहे, तो क्षमा करीलच, मग एवढा विचार कशाला, असें म्हणणारेही असतात. ही पळवाट नवी नाहीं. संत पौलानें रोम येथील मंडळीस लिहिलेल्या पत्रांत हाच आक्षेप स्वतः उभा केला आणि त्याचा सडेतोड निषेध केला. जर्मन धर्मपंडित डीट्रिख बोनहोफर यानें १९३७ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत अशा वृत्तीस 'स्वस्त कृपा' म्हटलें. नाझी सत्तेला विरोध केल्यामुळें १९४५ मध्यें फांशी गेलेल्या या पुरुषाला कृपेचें मोल केवळ पुस्तकांतून ठाऊक नव्हतें.

मग यांतून मार्ग कोणता? रुग्णालयाचा दाखला येथें उपयोगी पडेल. दाराशीं आलेल्या रोग्यास 'आधीं बरा हो, मग आंत ये' असें कोणी म्हणत नाहीं. परंतु आंत आल्यावर जखम झांकून ठेवण्याची मुभाही त्याला नसते; पट्टी सोडावीच लागते, आणि औषध झोंबतें. आंत घेणें ही कृपा, आणि पट्टी सोडविणें हीही कृपाच. आंत घेतलें जाईल अशी खात्री असेल, तरच मनुष्य आपली जखम दाखवावयास धजतो. क्षमेच्या आश्वासनानें पाप लहान ठरत नाहीं. त्याचें नांव घेण्याचें धैर्य मात्र त्यामुळें येतें.

खुद्द वेस्लीला हें कळलें होतें. श्रद्धावंताच्या ठायींही पाप शिल्लक असतें, या विषयावर त्यानें १७६३ मध्यें स्वतंत्र प्रवचनच लिहिलें. नाझरीन मंडळीच्या श्रद्धा-कलमांतही, पवित्रीकरणाचा अनुभव आलेला मनुष्य कृपेपासून ढळूं शकतो, असें स्पष्ट नमूद आहे. सर्वांत उंच ध्येय सांगणाऱ्या पंथानें घसरण्याची शक्यता आपल्या कलमांत लिहून ठेवावी, यांत त्याचा प्रामाणिकपणा दिसतो.

शुभवर्तमानांत दोन शिष्यांच्या पतनाच्या कथा जवळजवळ येतात. यहूदानें गुरूला धरून दिलें. पेत्रानें गुरूची ओळख तीन वेळां नाकारली. पश्चात्ताप दोघांनाही झाला. इतकेंच नव्हे, तर यहूदानें आपला अपराध बोलून दाखविला आणि घेतलेलीं नाणींही परत केलीं. परंतु तो ज्या याजकांकडे गेला, त्यांनीं त्याला झिडकारलें; तो एकटा पडला, आणि त्या एकटेपणांतच त्याचा अंत झाला. पेत्र मात्र आपल्या सोबत्यांत राहिला. पुढें गालील सरोवराच्या कांठीं येशूनें त्याला त्याच्या प्रेमाविषयीं तीन वेळां विचारलें. जितके नकार, तितकेच प्रश्न. कोणताही नकार विसरल्यासारखा केला नाहीं, आणि प्रत्येक उत्तरानंतर कळप सांभाळण्याचें काम त्याच्याकडे सोंपविलें.

एवढ्यावर पेत्राची कथा संपती, तर ती फार सोयीची झाली असती. परंतु पुढें अंत्युखियांत तो पुन्हां चुकला. परराष्ट्रीय ख्रिस्ती बंधूंबरोबर जेवणारा पेत्र, यहूदी मंडळी येतांच भिऊन त्या पंक्तींतून उठला, आणि पौलानें सर्वांदेखत त्याची कानउघाडणी केली. पंक्तिभेदाचा इतिहास ज्यांच्या घरांत आहे, त्या महाराष्ट्रीय वाचकांस हा प्रसंग समजावून सांगण्याची जरूर नाहीं.

मराठी ख्रिस्ती जीवनांत याचें सर्वांत सच्चें चित्र टिळक दांपत्याच्या चरित्रांत सांपडतें. कवि नारायण वामन टिळक नागपुराहून राजनांदगांवास जात असतां आगगाडींत एका युरोपियन गृहस्थानें त्यांना 'नवा करार' दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं त्यांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला, आणि लक्ष्मीबाईंच्या वाट्यास कित्येक वर्षांचा विरह आला. बाप्तिस्म्याच्या पाण्यानें टिळकांचा तापट स्वभाव वाहून गेला नाहीं. १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रें' या आत्मचरित्रांत लक्ष्मीबाईंनीं त्यांचा राग, लहर आणि मागोमाग येणारा पश्चात्ताप, हें सर्व मोकळेपणानें सांगितलें आहे. पतीकडे परत आल्यावरही आपलें सोंवळें आपल्याला सुटत नव्हतें, हेंही त्यांनीं लपविलें नाहीं. १९०० मध्यें त्यांनींही बाप्तिस्मा घेतला. त्या लिखाणांत दोष झांकलेला नाहीं आणि सूडही उगवलेला नाहीं. ज्याला क्षमेचा अनुभव आहे, त्यालाच अशी भाषा साधते. तुकारामाच्या वाटेनेंच आपण ख्रिस्ताच्या चरणांशीं पोहोंचलों, असें टिळक म्हणत. 'पतितपावन' हा शब्द मराठी संतांनीं घरोघर नेलेला असल्यामुळें कृपेची ही कल्पना येथें परकी वाटण्याचें कारणच नव्हतें.

आतां प्रश्न उरतो तो ज्याचें नुकसान झालें त्याचा. कृपेच्या नांवाखालीं अनेकदां पीडितालाच गप्प बसविलें जातें: 'देवानें क्षमा केली, तूंही कर, आणि विषय संपव.' हा कृपेचा अपमान आहे. जकातदार जक्कय याच्या घरीं येशू पाहुणा गेला, तेव्हां जक्कयानें अर्धी संपत्ति गरिबांस देण्याचें आणि लुबाडलेल्यांस चौपट परत करण्याचें वचन दिलें. पाहुणचार आधीं, परतफेड मागाहून. पण परतफेड चुकली नाहीं. त्या हिशेबनिसाचेंही तेंच. त्याला मंडळींत जागा राहावी. परंतु उचललेला रुपया परत यावा, आणि पेटीची किल्ली मात्र लगेच त्याच्या हातीं जाऊं नये. क्षमा एका क्षणांत देतां येते. विश्वास पुन्हां कमवावा लागतो. हा भेद ज्या घरानें, ज्या संस्थेनें किंवा ज्या मंडळीनें ओळखला नाहीं, तेथें दयेच्या नांवानें अन्याय तरी होतो, नाहीं तर न्यायाच्या नांवानें माणूस कायमचा गमावला जातो.

पवित्रतेचें ध्येय ठेवणारा समाज पडणाऱ्यांची संख्या किती कमी, यावरून ओळखूं नये; ती संख्या लपवितां येते. पडलेला मनुष्य तेथें खरें बोलूं शकतो काय, आणि तें खरें ऐकून त्याच्याकडून नुकसान भरून घेणारे व त्याला उठण्यास हात देणारे लोक तेथें आहेत काय, यावरून तो ओळखावा. वाशीमसारख्या गांवांतील लहानशा मंडळीला ही कसोटी जितकी लागू, तितकीच ती शहरांतील प्रत्येक सुशिक्षित कुटुंबालाही लागू आहे.