एकोणीस एकांची संख्या



कॅसलरॉकहून कुळ्याकडे उतरणाऱ्या रेल्वेमार्गाचा तीव्रतम उतार सदतीसास एक आहे. सदतीस फूट पुढे जावे, तो गाडी एक फूट खाली येते. ३७ ही मूळ संख्या. एक आणि ती स्वतः यांवाचून तिला कशानेही निःशेष भाग जात नाही. तिची तिप्पट १११. अशा केवळ एक हाच अंक असलेल्या संख्यांविषयी आज बोलावयाचे आहे.

आपल्याकडे त्यांचा ध्यास एका शाळामास्तरांनी घेतला. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) जन्माने डहाणूचे. अध्यापन केले देवळालीस. १९२३ साली 'डेम्लो', म्हणजे डोंबिवली, स्थानकावर गाडी बदलताना त्यांना काही संख्यांचा विचार सुचला, म्हणून त्यांचे नाव डेम्लो संख्या. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, आणि नऊ एकांच्या संख्येचा १२३४५६७८९८७६५४३२१!

यांतील मूळ संख्या कोणत्या? सहा एक दोन-दोनांच्या गटांत मांडता येतात, म्हणून ११११११ ला ११ ने भाग जातो. तेव्हा एकांची गणती मूळ हवीच. पण तेवढ्याने भागत नाही. पाच एक म्हणजे ४१ गुणिले २७१. सात एक म्हणजे २३९ गुणिले ४६४९. दोन एकांनंतर थेट एकोणीस एकांचीच संख्या मूळ निघते. नुसत्या भागाकाराने हे पडताळायचे, तर सुमारे १०५ कोटींपर्यंतच्या सर्व मूळ संख्या घ्याव्या लागतील.

तिचा एक गुण पाहा. एकास तिने भागले, तर दशांशचिन्हापुढे अठरा शून्ये आणि एक नऊ येतात, व हेच एकोणीस अंक अखंड फिरत राहतात. एकोणीस अंकांचे आवर्तन असलेली मूळ संख्या ही एकटीच. एकास ३७ ने भागल्यास ०२७, ०२७ असे आवर्तन येते, आणि तीन अंकांच्या आवर्तनाची मूळ संख्याही ३७ ही एकटीच! आपल्या घाटातली संख्या अशी तिची बहीण लागते.

पुढे २३, ३१७ आणि १०३१ एकांच्या संख्या मूळ ठरल्या. ४९०८१ एकांची संख्या मूळ असावी, असे हार्वी डब्नर यांना १९९९ साली आढळले; सिद्धता मिळाली २०२२ साली. मधली तेवीस वर्षे खात्री जवळजवळ होती, तरी गणिताने 'जवळजवळ' मान्य केले नाही.

याचा उपयोग काय, असे कापरेकरांनाही विचारले जाई. कित्येकांनी त्यांचे काम करमणुकीत काढले. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा ते नाव जगभर गेले. तोवर त्यांनी वाट पाहिली नाही, काम केले.

ग्रंथालयाच्या कपाटातही वर्षानुवर्षे कोणी न मागितलेले पुस्तक असते. ते जपून ठेवणाऱ्या या शंभर वर्षांच्या संस्थेपुढे उपयोगाचा प्रश्न मी निराळा सोडवून दाखवावा, असे मला वाटत नाही.